गणपती उठेपर्यंत मशीन नाही

गवत वेळेवर कापलं नाही म्हणून घरातलं माणूस जायची वेळ येते, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता नाही काढणार. भाद्रपदातल्या त्या सकाळपासून अंगणातलं ते हिरवंगार लॉन नुसतं दिसलं तरी मी तोंड फिरवते.

लॉन आमच्या ह्यांचं. बँकेतून रिटायर झाल्यावर श्रीधररावांनी माळव्यातल्या आमच्या नानाखेड्याच्या घरापुढे दूब लावली आणि जन्मात बायकोचे केले नाहीत इतके लाड त्या गवताचे केले. ते कधी कापायचं याचे त्यांचे नियम ठरलेले. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, तेही वरवर, कारण पातं उंच राहिलं तर मुळांवर सावली पडते आणि मे महिन्याच्या झळांत दूब तग धरते. पावसाळ्यात दर आठवड्याला. पाऊस ओसरला की पंधरा दिवसांनी. थंडीत दूब झोपते, तेव्हा मशीनला तेलपाणी करून ती झाकून ठेवायची. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच उडवायचा, जास्त हाव करायची नाही. हे सगळं ते आल्यागेल्याला ऐकवत. माणूस चहाला आलेला असो की मयताचं सांगायला, लॉनचं प्रवचन काही चुकायचं नाही.

माझा नियम एकच होता. श्रावणातल्या अमावास्येपासून गणपती उठेपर्यंत मशीन चालवायची नाही. दूब म्हणजे आपली दूर्वाच की. बाप्पाच्या दिवसांत दूर्वांवर मशीन फिरवायची म्हणजे काय! आणि यंत्राने कापलेल्या गवतात तीन पानांचा कोवळा तुरा राहतो तरी कुठे? गल्लीतली मराठी घरं दूर्वा आमच्याकडूनच न्यायची. मी स्वतः तोडून, जुड्या बांधून द्यायची.

हे दर वर्षी कुरकुरायचे. "अगं, ऐन वाढीचा मौसम आहे. आत्ता पंधरा-वीस दिवस नाही कापलं तर खाली हवा लागत नाही. इल्ली लागून जाते."

"लागू दे अळी," मी म्हणायची. विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे. मी जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. व्हरांड्यातून नुसती चालत गेले तरी वर्ग चिडीचूप व्हायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता.

या वर्षी घरात वेगळीच धाकधूक होती. आमची सून मृण्मयी, सहावा महिना. आदल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. तेव्हापासून मला रात्री धड झोप नव्हती. काहीतरी करत राहिलं की भीती जरा दूर राहते, म्हणून मी तिच्यासाठी सतत काहीतरी उकळत, वाटत, गाळत असायची. शतावरीचा काढा, आवळ्याचा रस, धन्याचं पाणी. केदार, माझा मुलगा, प्रत्येक वेळी पेला माझ्या हातातून घ्यायचा. "दे आई, मी देतो तिला." खोलीत जायचा आणि रिकामा पेला घेऊन यायचा. बायकोचं इतकं करतो म्हणून मला बरं वाटायचं. वर ह्यांना टोमणा मारायची, की बापाचा गुण नाही उचलला ते एक बरं झालं.

गणपती बसून तीन-चार दिवस झाले होते. पावसाने दडी मारलेली आणि ऊन असं की डोकं फुटावं. सकाळी उठल्या उठल्या मृण्मयीचा घोळणा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली. तिला उताणं न झोपवता बसवलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला, रक्त थांबलं. पण घोळण्याला दूर्वांच्या रसासारखं औषध नाही, हे माझ्या आईपासून ऐकत आलेली. टोपली घेऊन अंगणात गेले.

एरवी मी तुळशीजवळच्या दूर्वा तोडते. तिथे गल्लीतल्यांसाठी तोडून तोडून नुसते देठ राहिले होते. पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीशी, गवत माझ्या पोटरीपर्यंत आलेलं आणि तुरे कसे लुसलुशीत. मनात म्हटलं, बघा, मशीन नाही चालवली त्याचं हे फळ. कसलातरी उग्र वास येत होता. काल नगर निगमची डासांच्या धुराची गाडी फिरली होती, तिचाच असेल म्हणून मी पदर नाकाला लावला आणि ओंजळ ओंजळ दूर्वा तोडल्या. घरात आणून धुतल्या, मिक्सरमध्ये वाटल्या, गाळल्या, खडीसाखर घातली. केदार हेल्मेट हातात घेऊन उभाच होता. देवासच्या फॅक्टरीत नोकरी, रोज मोटारसायकलने जातो. त्याने पेला घेतला, आत गेला, रिकामा पेला आणून स्वतः विसळून ठेवला. "येतो आई." गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला.

थोड्या वेळाने हे फुलं घेऊन आले. स्वयंपाकघरात डोकावले. मिक्सरच्या भांड्याला हिरवा चोथा लागलेला होता.

"काय वाटलं?"

"दूर्वा. मृण्मयीचा घोळणा फुटला."

"कुठल्या तोडल्या?"

"भिंतीकडच्या. तुळशीजवळ आहे काय तिथे आता?"

ह्यांच्या हातातला फुलांचा पुडा खाली पडला. मी ओरडणार होते, देवाची फुलं अशी टाकतात का. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"प्रतिभा, तिकडे मी काल दवा मारली."

"कसली दवा?"

"इल्लीची. सोयाबीनवर मारतात ती. भिंतीकडून सगळं गवत खाऊन टाकत होती. तुळशीकडे नाही मारली, तू तिथूनच तोडते म्हणून."

आमच्या माळव्यात सोयाबीनची दवा म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. फवारताना तोंडावर फडकं नाही बांधलं तर धडधाकट माणूस शेतात आडवा होतो. पोट, बाळ, रिकामा पेला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मारू दिली असती? तुम्ही सगळे टॉवरच्या बाजारात गेले होते खरेदीला, तेवढ्यात उरकून टाकलं."

मी मृण्मयीच्या खोलीत धावले. ती आरशापुढे केस विंचरत होती.

"रस सगळा प्यायलीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हो आई. सगळा."

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. काय झालं ते सांगितलं, पण तोवर मी धावत जाऊन पेलाभर मीठपाणी कालवून आणलं होतं आणि तिच्या तोंडाशी धरलं होतं. "पी! ओकून टाक सगळं! पी म्हणते ना!" तिने ओठ घट्ट मिटले. मान हलवत राहिली. पाणी तिच्या साडीवर सांडलं. पोरीचा रंग उडाला होता आणि ती माझ्या हाताखालून निसटून फोन शोधत होती. मला वाटलं, विष चढतंय, हिची शुद्ध हरपत चाललीय.

"गाडी काढा!" मी ह्यांना ओरडले. ह्यांनी निघताना गेटला कुलूप घातलं, गल्लीतलं कोणी दूर्वा न्यायला येऊ नये म्हणून. अजून कोणी आलं नव्हतं, तेवढी देवाची कृपा.

मी मागे मृण्मयीला कुशीत धरून बसले. एक हात तिच्या पोटावर ठेवला. आत काही हलतंय का, हे बघत होते. तिला घाम येतोय का, तोंडाला फेस येतोय का, श्वास कसा चाललाय. ती मात्र फोन लावत सुटली होती. वाजायचा, बंद व्हायचा, पुन्हा लावायची.

"ठेव तो फोन. केदार गाडीवर असेल, नाही उचलणार. तू शांत बस."

फ्रीगंजच्या बाजारात शिरताना आम्ही गर्दीत अडकलो. गणपतीचा मंडप, हातगाड्या, कोणी जागा देईना. हे खिडकीतून डोकं काढून लोकांना विनवत होते, "भैया, निकलने दो, बहू की तबीयत खराब है." तेव्हा मृण्मयी एकदम हुंदका देऊन बोलली.

"आई, मी नाही प्यायले. केदार प्यायला."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि छातीवरचा धोंडा उतरला. बाळ वाचलं. पोरगी वाचली. देवा, क्षणभर का होईना, मला हायसं वाटलं! आणि त्याच्या मागोमाग दुसरी भीती आली. प्यायला तो माझा मुलगा, आणि तो भर रस्त्यात मोटारसायकलवर होता.

"केव्हापासून?" हे मी का विचारलं कोण जाणे. तोंडातून तेवढंच निघालं.

"पहिल्यापासून. मला त्या काढ्यांचा वास नाही सहन होत, आई, उलटी होते. तो म्हणाला, आईला नाही म्हणू नको, मी पिऊन घेत जाईन. आत्ता तुम्ही विचारलं तेव्हाही मला सांगता नाही आलं. मी घाबरून गेले."

ह्यांनी गाडी देवास रोडकडे वळवली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मृण्मयी फोन लावतच होती. आणि मग फोन उचलला गेला, पण आवाज केदारचा नव्हता.

"हलो, ये भैया यहाँ बैठे हैं, उल्टी कर रहे हैं. आप कौन?"

मृण्मयीने जागा विचारून घेतली. मला तेही जमलं नसतं. तो रस्ता मी हजारदा पाहिलेला, त्या दिवशी संपेचना. प्रत्येक ट्रक बघून वाटे, याच्याखाली तर नाही ना गेला. मग वाटे, नाही, फोन तर उचलला, बसलाय म्हणाला तो माणूस. मग वाटे, आता बसलाय, आम्ही पोचेपर्यंत? मी राम राम म्हणत होते की नुसते दात वाजत होते, ते मला सांगता येणार नाही.

चहाच्या टपरीशी त्याची गाडी स्टँडवर लावलेली दिसली. तो जमिनीवर बसला होता. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, तोंडातून लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी. टपरीवाल्याने आणि ह्यांनी त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं, मृण्मयी पुढे जाऊन बसली, त्याचं डोकं माझ्या मांडीवर आलं. एकतीस वर्षांचा माणूस, पण मला तो लहानपणी तापात पडायचा तेवढाच दिसत होता. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही आई. पित्त झालंय."

"बोलू नको," मी म्हणाले. त्याने लगेच तोंड मिटलं.

फ्रीगंजातल्या हॉस्पिटलात स्ट्रेचर आलं. मृण्मयीला नर्स तपासायला दुसरीकडे घेऊन गेली, हे कागद करायला काउंटरवर थांबले. केदारजवळ मी एकटी. डॉक्टर तरुण मुलगा होता, फार बोलणारा नव्हता. त्याने केदारच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"क्या लिया है? कोई दवा, कीटनाशक?"

केदारने माझ्याकडे बघितलं. "कुछ नहीं सर. सुबह कचोरी खाई थी."

"डॉक्टर साहब, इसने दूब का रस पिया है," मी म्हणाले. "उस पर सोयाबीन की दवा छिड़की हुई थी."

"मैंने नहीं पिया," केदार म्हणाला. त्याला धाप लागत होती. "मम्मी को गलतफहमी हुई है. वो तो वाइफ के लिए था. उसने पिया."

"केदार, मला माहीत आहे. मृण्मयीने मला सगळं सांगितलं."

त्याचा चेहरा जराही बदलला नाही. आणि मला का ते उमगलं. शाळेत चोरी पकडायची असली की मी हेच म्हणायची, तुझ्या मैत्रिणीने मला सगळं सांगितलंय. मुली रडून कबूल करायच्या. घरात केदारवरही मी हेच वापरत आले, तो चड्डीत होता तेव्हापासून. त्याला वाटलं, आई खडा टाकून बघतेय. आता हो म्हटलं तर मृण्मयीची धडगत नाही.

"अरे, खरंच सांगितलं तिने! तुझी शपथ!"

"नाही आई. तिनेच प्यायला. मी समोर उभा होतो."

डॉक्टरने हातातलं काम थांबवलं. "साफ बोलिए. प्रेगनेंट लेडी ने पिया है या इन्होंने? दोनों ने? कितना? मुझे उसी हिसाब से देखना है." नर्स दाराकडे धावली, बहुतेक मृण्मयीकडे. केदारच्या ओठांच्या कडेने लाळ वाहत होती, मांडीचे स्नायू आपोआप थरथरत होते. मरणाच्या दारात पडलेलं माझं पोर माझ्या डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलत होतं. मी हात जोडले. रडले. त्याला म्हटलं, बाळा, मी कोणाला काही बोलणार नाही. ते ऐकून तो आणखीच घाबरल्यासारखा दिसला.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याच्याकडे. "माताजी, आप जरा बाहर बैठिए."

"मी आई आहे त्याची..."

"इसीलिए. बाहर बैठिए."

नर्सने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि मधे हिरवा पडदा ओढला. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं.

"अब बोलो."

"मैंने पिया सर." एका दमात. "पूरा गिलास. आठ-सवा आठ बजे. वाइफ ने एक बूँद नहीं ली, भगवान की कसम. उसको कुछ मत देना."

"पक्का?"

"पक्का. मम्मी जो भी बनाती हैं उसके लिए, वो मैं ही पीता हूँ."

सुया, बाटल्या, भांड्यांचे आवाज. कोणीतरी कसलासा आकडा सांगत होतं. मग डॉक्टरचा आवाज, जरा नरम. "भले आदमी, जान पर बनी है और तुम कचोरी बता रहे हो. मम्मी के सामने बोल नहीं सकते थे?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, शुद्ध गेली. मी पडद्याला हात घातला.

"डर लगता है, सर."

मी हात मागे घेतला. सकाळपासून मी भीतीने अर्धमेली झाले होते. इल्लीच्या दवेची भीती, ट्रकची, रिकाम्या पेल्याची. माझा मुलगा मरणापेक्षा जास्त कोणाला भितो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? सांगायचं तर मलाच होतं ना.

बाकावर हे येऊन बसले. कागद हातात चुरगळलेले. आतून इंजेक्शनं मागवली जात होती, वॉर्डबॉय पळत होते, आणि दर वेळी पडदा हलला की आम्ही दोघंही अर्धवट उठत होतो. शेवटी मीच बोलले.

"घरी गेल्यावर मशीन काढा. सगळं कापून गवत लांब टाकून या."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी चिडून बोलतेय की खरंच, हे त्यांना कळेना. "गणपती उठू दे ना मग," ते घाईने म्हणाले. "तुझा तो नियम आहे ना. मी थांबतो."

"अहो, कापा म्हणते ना."

"बरं बरं," ते म्हणाले, आणि बाकावर माझ्यापासून जरा सरकून बसले.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आला. लाळ थांबली होती, श्वास बरा होता, डोळ्यांच्या आकसलेल्या बाहुल्या उघडायला लागल्या होत्या. दूर्वा धुतलेल्या होत्या म्हणून बरंचसं निभावलं, असं तो म्हणाला. दोन-तीन दिवस ठेवावं लागेल, पण धोका टळला. ह्यांनी डॉक्टरचे हात धरले आणि ढसाढसा रडले. मृण्मयी तपासणी करून आली होती. तिचं आणि बाळाचं सगळं ठीक होतं. ती माझ्या शेजारी अंग चोरून बसली होती. सकाळपासून मी तिला एक शब्द बोलले नव्हते आणि ती तो शब्द कधी येतो याची वाट बघत असणार.

नर्सने पडदा सरकवला. "आ जाइए माताजी. एक जन आ जाइए."

मला बघून त्याच्या चेहऱ्यावर काय येईल ते बघायची माझी हिंमत नव्हती.

"तू जा," मी मृण्मयीला म्हणाले. जमेल तेवढं मऊ म्हणाले.

ती उठली. पडद्यापर्यंत गेली. तिथे थांबली, पदर सारखा केला आणि मागे वळून तिने मला विचारलं, "आई, जाऊ ना?"